टंच

पावणेतीनला फोन : रक्ताच्या गुळण्या, पुरुष, अठ्ठावन्न,
विट्याहून निघालाय, तासगाव सोडलंय.
मी मशीन जागं करते. नळी तापायला वेळ लागतो.

मिरजेत या वेळी कुत्रीही झोपलेली असतात.

हणमंत मेटकरी, गाव पारे.
स्ट्रेचरवर बसूनच आला,
दोन्ही हातांत घट्ट धरलेला स्टीलचा डबा.
डॉक्टर विचारतात, किती पडलं?
बायको शालन डबा कलता करून दाखवते,
"हितपातूर. विट्यात वतला त्यो येगळा."
कुणीतरी लिहून घेतं : अंदाजे तीनशे मिली.
झाकणावर कोरलंय : सप्रेम भेट, १९९१.

त्याला उताणं झोपता येत नाही.
झोपवला की घशात येतं,
बसवला की डब्यात.
आणि माझं मशीन फक्त उताण्या माणसाला ओळखतं.
कुठल्या बाजूचं ते कळलं
तर त्याच कुशीवर ठेवता येईल,
दुसरं फुप्फुस तरी कोरडं राहील.
बारा सेकंद, काका. एवढेच मागते.

सुई बसली. जाड, हिरवी.
मी रोजचं सांगते :
औषध जाताना अंगातून ऊन वाफ गेल्यासारखं होईल,
लघवी झाली असं वाटेल, झालेली नसते,
तोंडाला धातूची चव येईल.

तो हसला. दातांच्या फटी लाल.
"पोरी, धातूची चव तीस वर्सं खातोय."

कोइमतूरला गलाईचं दुकान.
दुकान कसलं, जिन्याखालची खोली.
सोनारांच्या पेढीतली झाडलोट विकत घ्यायची,
पायपुसणीसुद्धा,
जाळायची, गाळायची, तेजाबात टाकायची,
गुंजभर निघायचं.
तांबूस धूर. खिडकी उघडली की शेजारी भांडायला यायचे,
मग खिडकी बंद.
"मधी टीबी झाला. गोळ्या खाल्ल्या. बरा झालो."
एवढं बोलायलाही त्याला तीनदा थांबावं लागलं,
आणि शालननं प्रत्येक वेळी डबा पुढं केला,
न बघता.

मशीनमध्ये रेकॉर्ड केलेला एक आवाज आहे,
कृपया श्वास रोखून धरावा.
रात्री मी तो बंद ठेवते.
काचेमागून माइकवर म्हणते :
काका, दम धरा.

दम धरला.
पडद्यावर महाधमनी पेटली,
पांढरी, मुशीत रस उतरावा तशी.
सात. आठ. नऊ.
दहाव्याला खोकला आला, टेबल हाललं,
खालचे काप सगळे पुसट.
पण वरचे मिळाले होते.

उजवीकडे, वरच्या टोकाला, जुन्या टीबीची पोकळी,
आत बुरशीचा गोळा,
त्यावर हवेची एवढीशी कोर.
आणि तिथवर जाणारी रक्तवाहिनी,
जी दोऱ्याएवढी असते, दिसूही नये,
ती फुगून, पिळे घालत,
वेलाच्या तणाव्यासारखी चढलेली.

"उजवं," मी ओरडले. "उजव्या कुशीवर घ्या."
चार हातांनी त्याला वळवलं.
माझं काम संपलं होतं,
अजून कुणाचं सुरूही झालं नव्हतं.
वर खोलीत डॉक्टर हातमोजे चढवत होते,
मांडीच्या शिरेतून तार घालून ती वाहिनी बुजवायला.

ढकलत नेताना त्यानं माझ्या छातीवरची पाटी वाचली,
मुजावर, म्हणाला,
किती टंच निघालं?

आम्हाला एक वाक्य शिकवलेलं असतं :
रिपोर्ट डॉक्टर सांगतील.
मी तेच म्हटलं.

मग टेबल पुसलं. उशीच्या खळग्यात थोडं होतं,
बेसिनच्या नळाखाली शालन डबा घासत होती,
पावडर नव्हती म्हणून बोटांनीच.
"ताई, ह्यात सकाळी च्या आणला तर चालंल न्हवं?"
मला हो म्हणता आलं नाही,
नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

पाचला उसाच्या ट्रॉलीखालचा पाय आला,
सहाला एक डोकं.
सातला ड्युटी सुटली.
तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर डबा उपडा घातलेला,
पाणी निथळत.
झाकण कुठं दिसलं नाही.