आठ राजपुत्रांचं गाव

परतल्यावर घरी सगळ्यांनी विचारलं, टोकियो कसं होतं.
म्हटलं, मी टोकियोत नव्हतो.
टोकियो पळून पळून दमतं
आणि डोंगराला पाठ टेकून बसतं,
तिथं होतो अकरा महिने. हाचिओजीत.
म्हणजे टोकियोच की, म्हणाले, आणि चहा गाळला.

वाद घातला नाही.
मी नंदगडचा, पण पुण्यात कुणी विचारलं
तर बेळगावच सांगतो.

वडगावच्या मल्लेशी सोनटक्कींनी तेवढं
नाव दोनदा म्हणवून घेतलं.
अर्थ काय रे त्याचा?
आठ राजपुत्र.
"बरं. मग त्या आठांत माग कोण चालवत होता?"

कारण मी त्यांना तिथला रेशमी टाय आणला होता.
त्यांनी तो गळ्याशी धरला नाही,
आधी उलटा केला.
पाठीमागून बघितला, नखानं ताणा मोजला,
ओठ हलले, कानडीत आकडे.
मग म्हणाले, सांग आता गावाबद्दल.

सांगितलं.
नारिंगी पट्ट्याची गाडी तासभर पश्चिमेला जाते,
खिडकीतल्या इमारती एकेक मजला उतरत येतात,
आणि अचानक समोर झाडी,
आपल्या जांबोटीच्या वळणावर येते तशी, न सांगता.
शेवटच्या स्टेशनावर एका दगडी तोंडाचं नाक
हातभर लांब.
रविवारी म्हातारे डोंगर चढतात,
पिशवीला घंटा बांधलेली, अस्वलाला कळावं म्हणून.
(काका हसले. "गाईसारखे.")
उद्यमबागेतल्या माझ्यासारखे फाउंड्रीवाले
तिथंही सकाळी डबा घेऊन उतारावरून निघतात,
फक्त शिव्या देत नाहीत.

आणि माग?

तुतीचं एक झाड आहे, पार्किंगच्या कोपऱ्यात,
त्याला पाटी लावली आहे.

बराच वेळ काका काही बोलले नाहीत.
"पाटी," म्हणाले नुसतं.

मग मी घरमालकिणीचं सांगितलं, कुबोताबाईंचं.
त्यांच्या सासूच्या हातांना
मरेपर्यंत उकडलेल्या कोशांचा वास होता.
लग्नात पाहुणे जरा लांब बसायचे.
मागाच्या शेडमध्ये आता मुलं पिंगपाँग खेळतात,
छप्पर अजून करवतीच्या दातांचं,
उत्तरेचा उजेड आत घ्यायला,
कारण रंग खरा दिसतो त्याच उजेडात.
"हे खरं हाय," काका म्हणाले.
"दुपारचं ऊन खोटं बोलतंय."

बाईंनी मला विचारलं होतं, तुझं गाव कुठं.
नकाशावर बोट ठेवलं
तर एका नखाखाली तीन राज्यं आली.
मी म्हटलं, काठावर.
त्यांना वाटलं नदीच्या.

"नदीच्या कशाला," काका उठले,
मागावरच्या हिरव्या साडीपाशी नेलं.
"हे बघ. अंग एका धोट्यानं होतंय.
काठाला दोन येगळे लागतात, डावा, उजवा,
दर फेकीला अंगात अडकवून परत न्यायचा.
चुकलं की काठ सुटून हातात येतोय.
माझ्या बापानं अंग मला सात वर्षांत दिलं,
काठ द्यायला अकरा लावली.
बाजारात मात्र गिऱ्हाईक काय म्हणतंय?
काठ बरा हाय, पण साडी कितीची."

टाय त्यांनी खुंटीला लावला,
बॉबिनच्या पिशवीशेजारी.
तिथंच राहणार तो, मला कळलं.

वीज गेली.
गल्लीतले साठ-सत्तर माग एका ठोक्यात थांबले,
आणि त्या शांततेत कुणाच्या तरी कुकरची शिट्टी,
कुणाची तरी आई कानडीत ओरडली,
मुलानं मराठीत उत्तर दिलं.

तिथं रोज संध्याकाळी पाचला
खांबावरच्या भोंग्यातून एक धून वाजते,
मी म्हटलं, मुलांनी घरी जावं म्हणून.

काकांनी अंधारात घड्याळ डोळ्याजवळ नेलं.
"पाचच वाजलेत," म्हणाले.
बाहेर पोरं नुकतीच खेळायला निघाली होती.