दोनशे वीस

पडद्यावरची खिडकी मिटायला किती वेळ लागावा,
यावर टाम्पेरेत आमचा तीन आठवडे वाद.
मी म्हणाले, शून्य. कामाच्या माणसाला सोहळे कशाला?
ओस्मो म्हणाला, चारशे मिलिसेकंद,
लोण्यासारखी उतरू दे खाली.

मग चाचणीला राउनो आला,
अडतीस वर्षं लिफ्टची दारं दुरुस्त केलेला.
जाड बोटं. माउस धरला
कोंबडीखालचं अंडं उचलावं तसा.

शून्यावर त्यानं खिडकी मिटवली
आणि टेबलाखाली वाकून पाहिलं.
खरंच पाहिलं.
"गेली कुठे?"

चारशेवर आधी हसला,
चौथ्यांदा खुर्चीत चुळबुळला,
दहाव्यांदा म्हणाला,
"हे दार स्वतःच्याच प्रेमात पडलंय."

बाहेर साडेतीनलाच अंधार. कॉफी निवलेली.
मी पट्टी सरकवत राहिले, तीनशे, दीडशे, पुन्हा वर,
तो टेबलावर बोटानं ठोके देत बघत होता.
"दार असं लागावं," म्हणाला,
"की आत शिरणाऱ्याचा कोट अडकू नये,
आणि बाहेर राहिलेल्याला वाटू नये
तोंडावर आपटलं."

दोनशे वीसला बोट थांबलं.
बोलला काहीच नाही. पुढची खिडकी उघडली,
नातीला पत्र लिहीत होता ते लिहू लागला,
आम्ही तिथे आहोत हे विसरून.

संध्याकाळी तो जिन्यानं उतरला.
लिफ्टनं का नाही, विचारायचं राहिलं.

ओस्मोनं आकडा नोंदवला.
'कारण' या रकान्यापाशी त्याचा हात अडखळला.
मी लिहिलं: कोट.