पाव

सेतूबालच्या बंदरामागे बेल्मीरूचं कॉफीचं दुकान,
आणि अजून तीच जमीन:
पाच-पाच सेंटिमीटरच्या निळ्या चौकटी,
दारापाशी झिजून पांढऱ्या पडलेल्या.

खेळ सोपा. कमरेच्या उंचीवरून नाणं सोडायचं.
रेघेला शिवलं नाही तर दुप्पट.
शिवलं तर बेल्मीरूच्या डब्यात.

झुल्मीराचे वडील सार्डिनच्या कारखान्यातून सुटले की
थेट इथे, हाताचा वास न धुता.
हिशेब तोंडपाठ: नाणं अडीचचं, फरशी पाचची,
निम्म्याला निम्मं. कधी तो, कधी मी.
तेवीस वर्षं ते हेच म्हणत राहिले
आणि आई मीठसुद्धा उधारीवर आणत राहिली.

आज रात्री मुलांच्या वह्या बाजूला सारून
झुल्मीरा मेजावर आठ ओळी लिहिते.
शून्य ते पाचमधला कुठलाही एक आकडा.
आणखी एक, तसाच.
दोन्ही सव्वा आणि पावणेचारच्या मधे पडले
तर एक मोज.
असं दहा लाख वेळा.

वडिलांना एवढं टाकायला दीडशे वर्षं लागली असती.
इथे दूध उतू जायच्या आत झालं.

०.२५०११३

चुकलं असेल कुठेतरी, म्हणते ती. पुन्हा चालवते.
०.२४९८७६
मग पेन्सिल घेते. चौकोन. त्याच्या पोटात छोटा चौकोन.
नाण्याच्या मध्याला बिनधोक टेकायला एवढीच जागा:
आडवं निम्मं, उभं निम्मं,
निम्म्याचं निम्मं.

मी, वरच्या खोलीत राहणारं माणूस, खाली कांदा चिरत असतं.
म्हणतो, आमच्याकडे याला पाव म्हणतात.
ती हसते. पाव? तो तर आमचा. खायचा.
हो, तो तुमच्या जहाजातून उतरला,
आणि हा आधीपासून घरातच होता.
एका नावाचे दोघे. कुणी कुणाला विचारलं नाही.

सकाळी ती दुकानात वडिलांचं जुनं एस्कुदो काढते.
बेल्मीरू आता ऐंशीचा, एक डोळा गेलेला.
त्याला गणित येत नाही. डब्याचं वजन कळायचं, म्हणतो.

ती नाणं सोडते.
ठण्ण. गिरकी. थांबतं.
चौकटीच्या मधोमध, चारी रेघांपासून लांब.

बराच वेळ ती वाकत नाही.
मग म्हणते, कुणालाच नाही:
म्हणून यायचे ते.