दोन्ही डी

दोन शिक्के. दोन्हींवर डी.
लाल डी म्हणजे डिफेक्ट, निळा डी म्हणजे डॅमेज.
अक्कलकोट रोड एमआयडीसी, टॉवेलचं चेकिंग टेबल.
अकरा वर्षं मी हे दोन डी
एकमेकांत मिसळू दिले नाहीत.

पहिल्याच दिवशी बुर्लासाहेब म्हणाले,
"आपल्याकडं दोन्ही खराबच, भूदेवीअक्का,
पण पार्टी परदेशातली, तिला नुसतं खराब कळत नाही.
मागावरच चुकलं तर डिफेक्ट.
मागावरून नीट उतरलं आणि नंतर कुणी वाट लावली
तर डॅमेज."
मी विचारलं, पैसे कुणाचे कापायचे?
ते हसले. "लालचे विणणाऱ्याचे.
निळ्याचे बघू."

तेव्हापासून बोटांनी वाचते.
ताणा तुटून भांगासारखी सरळ रेघ: लाल.
किनार कुरतडलेली, उंदीर: निळा.
शिलाईवालीच्या चहाचा गोल: निळा,
आणि तिचं नाव मी सांगत नाही.
तेलाच्या डागाचं मात्र अजून ठरलेलं नाही.
तेल मागाचं, टपकलंही मागावरच,
पण विणकरानं काय मागाखाली ओंजळ धरायची?
तेलाचे टॉवेल मी गठ्ठ्याच्या तळाशी सारते.

आई तेलुगूत म्हणायची लोपम्, म्हणजे दोष.
शाळेत बाईंनी शिकवलं, लोप म्हणजे नाहीसं होणं.
मी बरीच वर्षं असं धरून चालले
की चुकलेलं हळूहळू आपोआप नाहीसं होतं.

मंगळवारी चौदा नंबरचा यादगिरी मेरगू
एक कागद घेऊन आला. कानाचा.
एकतीस वर्षं मागापाशी. आता हाक मारली
तर आधी तोंडाकडं बघतो, मग हातांकडं.
कागद इंग्रजीत. ऑफिसातल्या पोरानं
पेन्सिलीनं आधीच खूण केलेली:
डिफेक्ट, जन्मापासून.
"सही कर म्हणाले अक्का. काय लिवलंय?"

जन्मापासून!
याच माणसानं एकदा कॅन्टीनमध्ये
कप खाली ठेवत सांगितलं होतं,
नऊ नंबरचा पट्टा आता जाणार.
मध्ये भिंत, पलीकडं चाळीस माग.
कप धुवून होईस्तोवर पट्टा गेला.

खोडरबर नव्हतं. बोटाला थुंकी लावून पुसलं,
कागद जरा फाटला.
फाटलं तिथंच शेजारी दाबून निळा शिक्का मारला.
टॉवेलचा शिक्का माणसाच्या कागदावर चालतो का,
मला ठाऊक नाही.
बुर्लासाहेब विचारतील. विचारू देत.

यादगिरीनं शिक्का बघितला, उलटा धरून, सुलटा धरून,
आणि स्वतःला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं विचारलं,
"म्हंजे माझे पैसे कापणार नाहीत ना?"

शेडमधल्या सगळ्यांनी वळून बघितलं.
मी मान हलवली.
तेवढ्यात पुढचा टॉवेल टेबलावर आला,
तेलाचा.