लांब टेबल

वेंगुर्ल्याहून आले तेव्हा मी नातालीन होते.
इथे नाव मिळालं जिता.
आमच्या गावी जिता म्हणजे जिवंत.
इथे ती मोलकरणींची संतीण,
हे मला सहा वर्षांनी कळलं, तेही कॅलेंडरावरून.

दोत आणली त्यांना काळा पदर,
नाही आणली त्यांना पांढरा.
बापाकडे एक होडी होती, तीही निम्मी काकाची.
काळ्या पदरांनी लॅटिन स्तोत्रं म्हणायची,
पांढऱ्यांनी त्याऐवजी ‘आमच्या स्वर्गातील बापा’,
पहाटे चोवीस वेळा.
मी चुलीपाशी मोजायची. चोवीस व्हायच्या आत
भात उतू गेला, तर उरलेले बाप झाकण धरून.

मग रोमहून कागद आला.
लोटलीच्या टेकडीवर असे कागद फार येत नाहीत.
आला की मादर एउफ्राजिया आधी चष्मा पुसते.
तीन दिवस सभा, दार बंद,
चहा न्यायला तेवढं उघडायचं.

पहिल्या दिवशी सिस्टर ग्रासिंडा बोलत होती:
ख्रिस्ताने शिष्यांचे पाय धुतले, आणि आपण
आपल्याच बहिणींना वेगळ्या बाकावर बसवतो.
गळा भरून आला होता तिचा.
कप घेताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.
कप गरम होता, म्हणून असेल.

दुसऱ्या दिवशी मादर:
भिंतीतला एक चिरा काढला, की पुढचा कुठला हलेल
ते गवंड्यालाही सांगता येत नाही.
शिवाय त्या सुखी आहेत.
त्या म्हणजे आम्ही. मी बिस्किटं लावत होते.
कुणीतरी म्हणालं, त्यांना लॅटिन जमायचं नाही.
कुणीतरी म्हणालं, लॅटिन आता जाणारच आहे.
त्यावर सगळ्याच गप्प झाल्या,
आतल्या खोलीत कुणी आजारी असावं तशा.

मतांसाठी घेवडे माझ्याच डब्यातले गेले,
पांढरा म्हणजे हो, तांबडा म्हणजे नको.
अकरा पांढरे, नऊ तांबडे.
एक पदर, एक टेबल, प्रत्येकीला एक मत.
आम्हा सहाजणींचं मत घेतलं नव्हतं,
कारण ठराव होईपर्यंत आम्हाला मत नव्हतं.
हे मादरने समजावून सांगितलं, नीट, दोनदा.

आर्केलिन, चाळीस वर्षं डुकरांचं बघणारी,
म्हणाली, मी नाही यायची, तिथे काट्याने खातात.
रात्रभर रडली. का, ते तिलाही सांगता येईना.
घेवडे परत आले, मी भिजत घातले.

रविवारी बसलो.
मी ग्रासिंडाच्या शेजारी,
आर्केलिन टोकाला, हात मांडीखाली दाबून.
प्रार्थना झाली, आमेन झालं,
रुमाल उलगडले,
आणि मग काहीच झालं नाही.

काल्द चुलीवर होतं.
सव्वीस बायका रिकाम्या बशा बघत बसल्या.
ग्रासिंडा पाण्याचा पेला फिरवत राहिली.
आर्केलिनची खुर्ची किरकिरली, मी नुसती मान हलवली.
बाहेर कुणीतरी नारळ पाडत होता:
धप्प. मग बराच वेळ काही नाही. मग धप्प.

उठली ती मादर.
सत्तरीची, मोठ्या घरातली,
आपला घेवडा तांबडा असेल हे आधीच सांगून टाकलेली.
तिची पावलं त्या दाराकडे गेली
जिथून मी एकतीस वर्षं बाहेर येत होते.

झाकण पडलं. मांजर पळालं.
हाताला चटका बसल्याचा आवाज मला ओळखू येतो.
धरायचं फडकं दारामागे असतं,
हे तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं,
मीही नाही.
मी बाप मोजायला लागले.
नवाव्याला उठावंसं वाटलं. उठले नाही.

मग आतून तिचा आवाज आला, बारीक.
चाखलं असावं तिने.
‘जिता,
मीठ कुठे असतं गो?’