तिसरं रीळ

वाचनालयाची पोरं आली, हातात छापील कागद.
दर दशकाचा एक सिनेमा निवडायचाय, नदाफमामा.
एकवीस वर्षं मशीनवर होता तुम्ही,
सत्तरचं दशक तुम्हीच सांगून सोडा.
बघितला की दशक ओळखू यायला पाहिजे, असा.

म्हटलं, आधी चहा घ्या.
माझं दशक मी भोकातनं बघितलंय.
वीतभर भोक. त्यातनं पडदा,
पडद्याच्या अलीकडं डोकी,
उजेडाच्या पट्ट्यात चढणारा विड्यांचा धूर.
आणि माझा निम्मा जीव कार्बनच्या कांड्यांत:
अंतर वाढलं की नायकाला कावीळ,
ते राखता राखता गोष्ट निसटायची.
गोष्ट मला बायको सांगायची,
घरी, भाकरी थापताना.

सनतकुमार म्हणाला, होय, खरं एक नाव तरी?
नावं आहेत की. कोटात हात घालून चालणारी,
समुद्राकाठी मरणारी नावं.
निपाणीला समुद्र कुठला?
इथलं दशक वखारीच्या भोंग्यावर उठायचं,
तंबाखूच्या खकाण्यानं शिंकत दुपार काढायचं
आणि रात्री शिडी घेऊन हिंडायचं,
पाट्यांवर डांबर फासत.
एका रात्री त्या लिपीवर,
दुसऱ्या रात्री ह्या.

लिही मग.
साल शहात्तर का सत्त्याहत्तर, थंडी होती.
आमच्यात मराठी चित्र, स्टँडमागच्या टॉकीजात कन्नड.
दोन्हीकडचे डबे एकाच गाडीनं यायचे,
बाळगोंडा सायकलवर वाटत फिरायचा.
त्याला अक्षर येत नव्हतं, आकडा येत होता.
तीनचा आकडा इकडचा काय, तिकडचा काय,
एकाच आईचं वळण.

दुसरं रीळ संपलं. तिसरं चढवलं.
पडद्यावर वेगळंच घर.
उंबऱ्यात बाई पोरीची वेणी घालतीय,
नवरा येतो, कापलेला हात धोतरात लपवतो.
बाई मान वर न करता विचारते,
ऊटा आतेन?

माझा हात बटणावर गेला होता.
बाहेर बंदचे कागद अजून ओले होते भिंतीवर.
गणपत बारवाडे, दोन महिने हिंडलग्यात बसून आलेला,
मागच्या रांगेत उभा राहिलेला मला दिसला.

तेवढ्यात पुढनं, बायकांच्या बाकांवरनं,
दिवसभरात हजार विड्या वळून आलेली रत्नव्वा
पडद्याला मोठ्यांदा म्हणाली,
इल्लऽ!

हसलं टॉकीज.
बारवाडे ओरडला, बंद करा ते!
बाया म्हणाल्या, बस की रं खाली, दिसंना झालंय.
तो बसला का नाही, सांगता येत नाही.
माझ्या भोकात तेवढं मावत नव्हतं.
मी बटण दाबलं नाही. दहा-अकरा मिनिटं.
कांड्यांकडं बघायचं राहिलं,
त्या बाईचं तोंड शेवटी पिवळं पडत गेलं
आणि कुणी शिट्टी मारली नाही.

समजूत होती का दमणूक, मला विचारू नको.
बारा तास बसून आलेलं माणूस
हललेलं काहीही बघतं.

तिकडं आमचं तिसरं रीळ लागलं होतं.
सात खुर्च्या मोडल्या म्हणतात.
कोण म्हणतं, त्या आधीपासूनच मोडक्या होत्या.
मालकानं माझा चार दिवसांचा पगार कापला,
बाळगोंडाला काढून टाकलं.
तो हुबळीला गेला, पुढचं मला माहीत नाही.

तर हा माझा सिनेमा. दोन रिळं ह्याची,
एक त्याचं, मग परत ह्याची.
नाव नाही, शेवट भलत्याचाच.

सनतकुमारनं पेन झटकलं.
मामा, रकान्यात एकच ओळ आहे,
आणि पुढं भाषा लिहायचीय.

म्हटलं, राहू दे मग मोकळा.

चहा निवला होता. त्यानं तसाच पिला.
चप्पल घालताना म्हणाला,
ती रत्नव्वा, जेवली का नंतर?

मध्यंतरात शेंगा घेतल्या तिनं, चार आण्याच्या.
उधार.