चाचणीची मुदत

फरवानियात, चौथ्या मजल्यावर, सहाजणांच्या खोलीत
रात्री साडेअकराला मी एसी बंद करतो.
दिवसभर दुसऱ्यांचे चालू करून आलेला असतो.
टेकबहादूर उठून बसतो: दाइ, फेरि?
बिजू टॉवेल भिजवून तोंडावर घेतो.
दहा मिनिटं, मी सांगतो. फक्त दहा.

पेटी मायदेवांची. कॅनडाला जाताना
सोफा विकला, पेटी मला दिली, म्हणाले,
काळी दोन मुकी आहे, बाकी ठणठणीत.
लॅपटॉप बिजूचा. माइक जुन्या बाजारातला,
दीड दिनार, तेही घासाघीस करून.
नेरूरला मेव्हण्याची दशावताराची मंडळी आहे,
पेटीवाला गोव्यात हॉटेलावर लागला,
तालमीला माझी पेटी पाठव म्हणतात, फाईल करून.

तर प्रश्न असा, की आवाज ठेवायचा कशात.

गॅरेजबँड चांगलं म्हणे. पण ते ॲपलवाल्यांच्या घरचं,
सोयरीक त्यांच्यातच.
प्रो टूल्सला भाडं भरावं लागतं;
भाड्याची एक खाट मला पुरे आहे.
एफएल स्टुडिओ चाचणीत सगळं करू देतं,
जतनसुद्धा करतं,
फक्त बंद केलेलं पुन्हा उघडत नाही, पैसे भरेपर्यंत.
मला आमच्या कंपनीचा मंदूब आठवला,
सगळ्यांचे पासपोर्ट एका खणात ठेवणारा.

रीपर साठ दिवस.
एकसष्टाव्या दिवशी भीत भीत उघडलं.
एक खिडकी आली: मुदत संपली, विकत घ्या.
थोडी थांबली, आणि बाजूला झाली.
आत सगळं जागच्या जागी.
मी बिजूला हलवून दाखवलं.
इकामा संपल्यावर असं कोण बोलतं रे, म्हणाला,
आणि कूस बदलली.

वर कोपऱ्यात एक आकडा असतो,
बोट पडल्यापासून कानात पोचेपर्यंतचा उशीर.
माझा अठ्ठेचाळीस.
त्या दुपारी छतावरच्या युनिटपाशी तेवढंच तापमान होतं.

पहिली फाईल गेली. बायकोचा निरोप आला:
पेटी खंय? माका पंखोच आयकाक येता.

ऑडॅसिटी फुकट, आणि तिला एक विद्या येते:
पाच सेकंद नुसती खोली द्यायची,
ती तेवढाच आवाज ओळखते, सगळीकडून वेचून काढते.
मी खोली दिली.
काढलं तर पेटी अशी निघाली,
जणू बादलीत बुडवून वाजवली.
मागे फिरलो. पुन्हा ती पाच सेकंदं कानाला लावली.
बिजूचा श्वास. लिफ्टचं दार.
त्यामागे एक घरघर, अडायची,
दम खाऊन पुन्हा उचलायची.

हा आवाज मला कळतो. याचाच पगार घेतो.
कपॅसिटर गेलाय. तिसरा मजला, इजिप्शियन मास्तर.

शुक्रवारी नमाजानंतर हत्यारांची पिशवी घेऊन खाली गेलो.
वीस मिनिटांचं काम.
मास्तर पाकीट काढू लागले.
मी म्हणालो, रात्री दहा मिनिटं द्या, तुमचाही बंद ठेवा.
त्यांना वाटलं माझं अरबी चुकतंय.
मी हवेत भाता हलवून दाखवला, बोटं चालवली.
त्यांची मुलगी खो खो हसली. मास्तर गंभीर झाले.
किती वाजता, त्यांनी विचारलं.

त्या रात्री दोन मजले घामात बसले होते.
रीपरची खिडकी आली, गेली.
लाल बटण दाबलं.
पहिल्यांदा ऐकू आलं, की भात्याला डावीकडे फट आहे,
आणि काळी दोन मुकी खरी,
पण बोट पडलं की तिथे लाकूड वाजतं, टक्.
मी ते काढलेलं नाही.
मेव्हण्याला वाटेल, ठेका धरलाय.